सॉफ्टवेअर दोन, दोन्ही फुकट, निवडायचं कोणतं? प्रोग्रामर लोकांची एक युक्ती उसनी घेऊ



धंदा थोडा वाढला की एक दिवस येतोच. वहीत आणि एक्सेलमध्ये हिशेब मावेनासा होतो. बिलं एकीकडे, स्टॉक दुसरीकडे, उधारी डोक्यात. मग तुम्ही दोन-तीन जणांना विचारता. एक जण म्हणतो, "ईआरपीनेक्स्ट घ्या, आपलं भारतीय आहे, फुकट आहे." दुसरा म्हणतो, "ओडू घ्या, जगभर चालतं, तेही फुकट आहे." आणि घरातला इंजिनिअर भाचा म्हणतो, "मामा, कशाला? मीच बनवून देतो की!"

आता करायचं काय? बहुतेक जण तीन गोष्टी बघतात: स्क्रीन दिसायला छान आहे का, गिटहबवर स्टार किती आहेत आणि बसवून देणारा किती पैसे मागतो. या तिन्ही गोष्टी बघा, त्यात चूक काही नाही. पण तुमचा धंदा त्या सॉफ्टवेअरमध्ये बसतो की नाही, हे या तिन्हींतून कळत नाही.

ते कळण्यासाठी आज एक युक्ती शिकू. ती आहे फंक्शनल प्रोग्रामिंग करणाऱ्यांची आणि तिचं नाव आहे 'पॅटर्न मॅचिंग'. नाव ऐकून घाबरू नका. तुम्हाला कोड लिहायचा नाहीये. एक वही आणि पेन घेऊन बसा, तेवढं पुरे. व्हिडिओत वेळेअभावी जे राहिलं, ते इथे सविस्तर देतोय.

पॅटर्न मॅचिंग म्हणजे काय?

कुरिअरच्या ऑफिसात पार्सलं कशी वेगळी करतात ते आठवा. पिनकोड ४१५ ने सुरू होतोय? साताऱ्याच्या पोत्यात टाक. ४१६? कोल्हापूरच्या पोत्यात. ४०३? गोवा. पिनकोडच वाचता येत नाही? ते पार्सल बाजूला ठेव, साहेबांना दाखव. पार्सलचा 'आकार' बघायचा, म्हणजे त्यावर काय लिहिलंय ते बघायचं, आणि त्यानुसार पुढचं काम ठरवायचं.

पॅटर्न मॅचिंग हेच करतं. प्रोग्रामर एकाखाली एक नमुने लिहितो. माहिती आली की कॉम्प्युटर वरून खाली एकेक नमुना ताडून बघतो. जो पहिला जुळेल, त्याच्यासमोर लिहिलेलं काम करतो. शिवाय जुळवता जुळवता हवा तो तुकडा काढूनही देतो. 'ऑर्डर, रद्द, कारण अमुक' असा नमुना जुळला की कारण आपोआप वेगळं हातात येतं.

ही कल्पना नवीन नाही. १९७०-८० च्या दशकांत एडिंबरा विद्यापीठात एमएल आणि होप या भाषांवर काम झालं, तिथे ती रुजली. पुढे हॅस्केल, ओकॅमल, एर्लँग, एलिक्सर या भाषांचा ती कणाच झाली. आणि आता तर नेहमीच्या भाषांनीही ती घेतलीय. पायथॉनमध्ये ती २०२१ साली ३.१० आवृत्तीत आली. जावातही ती टप्प्याटप्प्याने आली आणि २०२३ च्या जावा २१ मध्ये पक्की झाली. चाळीस-पन्नास वर्षं टिकून सगळीकडे पसरलेली कल्पना आहे, म्हणजे तिच्यात काहीतरी दम असणार.

आपल्याला तिच्यातले तीन नियम घ्यायचेत.

नियम १: क्रम महत्त्वाचा. आधी लिहिलेला नमुना आधी जुळतो. म्हणून खास केस वर आणि सर्वसाधारण केस खाली.

नियम २: एकही केस सुटता कामा नये. रस्ट किंवा एल्म या भाषांत एखादी केस लिहायची राहिली तर कॉम्प्युटर प्रोग्राम तयारच करून देत नाही. ओकॅमल इशारा देतो की बाबा, ही केस राहिली. धंद्यात मात्र असा इशारा कुणी देत नाही. तिथे इशारा म्हणून थेट नोटीस येते, नाहीतर ग्राहकाचा फोन येतो.

नियम ३: 'बाकी सगळं' ही ओळ जपून वापरा. यादीच्या शेवटी प्रोग्रामरला 'यांपैकी काहीच नाही जुळलं तर हे कर' असं लिहिता येतं. सोयीचं आहे, पण धोक्याचंही. विसरलेल्या केसेस त्या ओळीत जाऊन लपतात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

आता हे धंद्यात बघू

समजा, तुम्ही साताऱ्यात घरगुती मसाले बनवता. माल दुकानांना जातो, ऑनलाइन जातो, क्वचित परदेशातही जातो. बिल बनवताना जीएसटी कोणता लावायचा? बहुतेक लोक सांगतील, "सोपं आहे. महाराष्ट्रात विकलं तर सीजीएसटी आणि एसजीएसटी, बाहेर विकलं तर आयजीएसटी." म्हणजे दोनच केसेस.

आता ऑर्डर आली मुंबईत अंधेरीच्या सीप्झमधल्या एका कंपनीच्या कँटीनची. अंधेरी महाराष्ट्रातच आहे, मग सीजीएसटी-एसजीएसटी लावून मोकळं व्हायचं का? थांबा. सीप्झ हे विशेष आर्थिक क्षेत्र आहे, म्हणजे एसईझेड. जीएसटी कायद्याने एसईझेडमधल्या युनिटला केलेली विक्री आंतरराज्य धरली जाते, मग ते युनिट तुमच्याच राज्यात का असेना. त्या युनिटच्या मंजूर कामासाठी दिलेल्या मालाला शून्य दराची सवलतही असते. कँटीनचा माल त्यात बसतो का, हे त्या युनिटकडून लेखी घ्यायचं. म्हणजे 'महाराष्ट्र' हा नमुना वर आणि 'एसईझेड' खाली असेल, तर एसईझेडची केस कधी जुळणारच नाही. वरचाच नमुना जुळून जाईल आणि बिल चुकेल. नियम १ आठवला ना?

बिल चुकलं तर होतं काय? योग्य प्रकारचा कर पुन्हा भरायचा आणि चुकीच्या खात्यात भरलेला परत मागायचा. कायद्यात तशी सोय आहे, पण तोपर्यंत तुमचे पैसे अडकले. मोठ्या कंपनीला ते कळतही नाही. तुमच्या-आमच्यासारख्याचं मात्र पुढच्या महिन्याचं मिरचीचं आणि धण्याचं भांडवल त्यात गेलेलं असतं. आणि समोरच्याचा इनपुट क्रेडिटचा हिशेब बिघडला की तो पुढची ऑर्डर दुसऱ्याला देतो, ते वेगळंच.

तर यादी अशी लिहायची, वरून खाली:

१. माझी जीएसटी नोंदणीच नाही → साधं बिल, कर नाही.
२. मी कंपोझिशन योजनेत आहे → 'बिल ऑफ सप्लाय', ग्राहकाकडून कर घ्यायचा नाही. परराज्यात माल विकायचा नाही.
३. माल करमुक्त आहे → बिल ऑफ सप्लाय.
४. माल परदेशी जातोय → निर्यात, शून्य दर. एलयूटी भरलंय का ते तपासा.
५. ग्राहक एसईझेडमध्ये आहे → आंतरराज्य विक्री, राज्य कोणतंही असो. मंजूर कामासाठी असेल तर शून्य दर.
६. माल महाराष्ट्राबाहेर जातोय → आयजीएसटी.
७. माल महाराष्ट्रातच जातोय → सीजीएसटी आणि एसजीएसटी.
८. यांपैकी काहीच नाही → बिल बनवू नका, सीएला फोन करा.

आठवी ओळ नीट बघा. 'बाकी सगळं' ही ओळ ठेवलीय, पण तिथे अंदाजाने कर लावलेला नाही. तिथे थांबायला सांगितलंय. चांगले प्रोग्रामर असंच करतात. न ओळखलेली गोष्ट गुपचूप पुढे ढकलण्यापेक्षा ओरडून सांगितलेली बरी.

आणि ही फक्त कराची यादी झाली. पैसे येण्याची यादी वेगळी: पूर्ण पैसे आले, अर्धे आले, तीन बिलांचे एकदम यूपीआयने आले, कॅश ऑन डिलिव्हरीचं पार्सल परत आलं, मार्केटप्लेसने कमिशन आणि टीसीएस कापून उरलेले पाठवले. मालाची यादी वेगळी: माल परत आला तर क्रेडिट नोट, फुटून आला तर काय, मुदत संपली तर काय, दिवाळीचा गिफ्ट बॉक्स केला तर काय. या गिफ्ट बॉक्सचीही गंमत आहे. नेहमी जोडीने न विकल्या जाणाऱ्या, वेगवेगळ्या दरांच्या वस्तू एकाच किमतीत बांधून विकल्या, तर साधारणपणे त्यांतला सर्वांत जास्त दर पूर्ण बॉक्सला लागतो. ही केस तुमच्या सॉफ्टवेअरला माहीत आहे का?

सॉफ्टवेअर निवडण्याआधी या याद्या तुमच्या हातात हव्यात. सॉफ्टवेअर कुठलंही असो, याद्या तुमच्याच राहतात.

एक खरी गोष्ट: व्हॉट्सॲप

तुमच्या मनात येईल, हे पॅटर्न मॅचिंग वगैरे कॉलेजात ठीक आहे, धंद्यात कोण वापरतं? तुम्ही रोज वापरता. व्हॉट्सॲपवर.

१९८६ च्या सुमारास स्वीडनमधल्या एरिक्सन कंपनीत जो आर्मस्ट्राँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेलिफोन एक्स्चेंजसाठी एर्लँग ही भाषा बनवायला घेतली. टेलिफोनच्या कामात केसेसच केसेस: फोन आला, समोरची लाइन बिझी, मधेच ठेवला, केबल तुटली. प्रत्येक केसला ठरलेलं उत्तर हवं आणि एक कॉल बिघडला म्हणून पूर्ण एक्स्चेंज बंद पडायला नको. म्हणून त्या भाषेत पॅटर्न मॅचिंग पायाशीच आहे. १९९८ साली एरिक्सनने ती मुक्त-स्रोत केली, म्हणजे कोड सगळ्यांसाठी खुला केला.

पुढे त्याच भाषेत 'ईजॅबरडी' नावाचा मेसेज पोचवणारा मुक्त-स्रोत सर्व्हर तयार झाला. व्हॉट्सॲपने सुरुवातीला तोच घेतला आणि आपल्या गरजेप्रमाणे बदलत नेला. फेब्रुवारी २०१४ मध्ये फेसबुकने व्हॉट्सॲप सुमारे १९ अब्ज डॉलरला घेण्याचं जाहीर केलं. तेव्हा महिन्याला वापरणारे सुमारे ४५ कोटी लोक होते आणि इंजिनिअर होते फक्त ३२.

यातून धडा असा काढू नका की एर्लँग वापरलं म्हणजे १९ अब्ज मिळतात! धडा वेगळा आहे. त्यांनी सगळं शून्यापासून बनवलं नाही. स्वतःच्या कामाच्या आकाराला जुळणारा तयार प्रकल्प शोधला आणि मग त्यात बदल केले. आपल्यालाही तेच करायचंय, फक्त आपल्या मापात.

ईआरपीनेक्स्ट की ओडू: जाहिरात बाजूला ठेवून बघू

दोन्ही प्रकल्प चांगले आहेत. दोन्ही पायथॉनमध्ये लिहिलेले आहेत. फरक कुठे आहे?

पहिला फरक, घर कुठलं. ईआरपीनेक्स्ट मुंबईच्या फ्रापे कंपनीचं, २००८ पासूनचं काम. ओडू बेल्जियमचं. फाबियाँ पिंकार्स यांनी २००५ मध्ये 'टायनी ईआरपी' नावाने सुरू केलं, मग ते 'ओपन ईआरपी' झालं आणि २०१४ पासून ओडू.

दुसरा फरक, फुकट नक्की काय आहे. हा सगळ्यांत महत्त्वाचा. ईआरपीनेक्स्टचा सगळा कोड जीपीएल या मुक्त परवान्याखाली आहे. कंपनी कमावते ती होस्टिंग आणि सपोर्टमधून. ओडूच्या मात्र दोन आवृत्त्या आहेत. 'कम्युनिटी' मुक्त-स्रोत, 'एंटरप्राइज' पैसे देऊन. आणि पूर्ण हिशेबाचा भाग एंटरप्राइजमध्ये आहे. कम्युनिटीत प्रामुख्याने बिलिंग मिळतं. बाकी गरजांसाठी ओडू कम्युनिटी असोसिएशनच्या सदस्यांनी बनवलेले मॉड्यूल्स जोडता येतात, पण ते जोडून सांभाळणारा माणूस लागतो. तेव्हा डेमो बघताना पहिला प्रश्न: "हे जे दाखवताय, ते कुठल्या आवृत्तीत आहे?" डेमो एंटरप्राइजचा आणि कोटेशन कम्युनिटीचं, असं झालं तर दोन महिन्यांनी डोक्याला हात लावायची वेळ येते.

तिसरा फरक, भारतीय केसेस. ईआरपीनेक्स्टसाठी जीएसटीची सोय 'इंडिया कम्प्लायन्स' नावाच्या वेगळ्या मुक्त-स्रोत ॲपमध्ये आहे. तुमच्याकडे बसवणाऱ्याने ते ॲप बसवलंय ना, हे विचारा. ओडूमध्येही भारताचे कर बसवलेले मिळतात, पण रिटर्न, ई-वे बिल, ई-इन्व्हॉइस यांतलं काय कुठल्या आवृत्तीत येतं, ते लिहून घ्या. तोंडी 'होऊन जाईल' चालणार नाही.

चौथा फरक, तुमची मांडणी. ओडू म्हणजे वेगवेगळे ॲप जोडत जायचं: आज विक्री, उद्या वेबसाइट, परवा पीओएस. वेबसाइट आणि दुकान हेच मुख्य असेल त्याला हे आवडतं. ईआरपीनेक्स्टमध्ये हिशेब, स्टॉक, उत्पादन एका पिशवीत येतं. कारखानदारी आणि हिशेब मुख्य असेल त्याला ते सोयीचं पडतं. म्हणून 'कोणतं चांगलं?' हा प्रश्नच चुकीचा आहे. 'माझ्या यादीतल्या किती ओळी कशात जुळतात?' हा बरोबर प्रश्न.

परवान्याबद्दल एक शंका हमखास येते: "जीपीएल सॉफ्टवेअरमध्ये मी माझ्या धंद्यापुरता बदल केला, तर तो जगाला द्यावा लागेल का?" नाही. तुम्ही स्वतःपुरतं वापरताय, तोवर नाही. पण तेच सॉफ्टवेअर बदलून दुसऱ्यांना विकायचा, वाटायचा धंदा करायचा असेल, तर घेणाऱ्याला कोडही त्याच परवान्याखाली द्यावा लागतो. सॉफ्टवेअर सेवेचा धंदा सुरू करणाऱ्यांनी हे वाक्य अधोरेखित करा.

प्रकल्प जिवंत आहे का?

मुक्त-स्रोत प्रकल्प निवडणं म्हणजे एका अर्थी भाडेकरू म्हणून इमारत निवडणं आहे. फ्लॅट सुंदर आहे, पण सोसायटी कोण चालवतं? तीन खऱ्या उदाहरणांवरून बघू.

एल्म. वेब स्क्रीन बनवण्याची फंक्शनल भाषा. आपण मघाशी म्हटलं तसं, केस सुटली तर प्रोग्राम होऊ न देणारी. कल्पना उत्तम. पण तिचा कारभार मुख्यतः एका माणसाच्या हातात राहिला आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये ०.१९.१ आवृत्ती आल्यानंतर पुढची वर्षानुवर्षं आली नाही. ज्यांनी तिच्यावर धंदा उभा केला, त्यांना वाट बघत बसावं लागलं. कल्पना चांगली असणं आणि प्रकल्प पुढे चालणं या दोन वेगळ्या केसेस आहेत.

अक्का. स्काला भाषेतला प्रसिद्ध प्रकल्प, मोठमोठ्या कंपन्या वापरायच्या. सप्टेंबर २०२२ मध्ये मालक कंपनीने परवानाच बदलला आणि ठरावीक उलाढालीच्या वरच्या कंपन्यांना वापरासाठी पैसे लावले. मग लोकांनी जुन्या मुक्त कोडवरून 'अपाचे पेक्को' हा वेगळा प्रकल्प काढला. बघा, परवाना बदलू शकतो. पण जो कोड एकदा मुक्त झाला, तो घेऊन वेगळं होता येतं. बंद सॉफ्टवेअरमध्ये ही सोय नसते.

एक्सझेड. फाइल लहान करण्याचं साधं सॉफ्टवेअर, जगभरच्या लिनक्स सर्व्हरवर असलेलं. मुख्य भार एकाच माणसावर, तोही फावल्या वेळात. मदतनीस म्हणून विश्वास कमावलेल्या कुणीतरी त्यात चोरवाट घातली. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला लॉगिनला नेहमीपेक्षा किंचित जास्त वेळ लागतोय असं जाणवलं, त्याने खोलात जाऊन शोधलं, म्हणून निभावलं.

तर गिटहबचे स्टार बघण्याऐवजी हे बघा: शेवटची आवृत्ती कधी आली? गेल्या वर्षात किती वेगवेगळ्या लोकांनी काम केलं, की सगळं एकाच नावावर आहे? लोकांनी नोंदवलेल्या अडचणींना उत्तरं मिळतात का? एका मोठ्या आवृत्तीतून पुढच्या आवृत्तीत जाण्याची वाट ठरलेली आहे का? स्टार म्हणजे लग्नातला आहेर, फोटोत छान दिसतो. संसार कसा चाललाय ते या उत्तरांवरून कळतं.

आणि भाच्याचं काय?

भाच्याला नाराज करायचं नाही, पण त्यालाही यादी द्यायची! त्याला म्हणा, "बाळा, या चाळीस केसेस आहेत. नियम बदलला की कोण बदलणार? तू पुण्याला नोकरीला गेलास तर कोण बघणार?"

नियम बदलतात हो. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर मोठ्या प्रमाणात बदलले. दोन मुख्य टप्पे निघाले आणि कितीतरी वस्तू १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आल्या. त्या दिवशी प्रत्येक दुकानदाराला दोन केसेस सांभाळाव्या लागल्या: तारखेच्या आधीचं बिल आणि नंतरचं बिल. आधी विकलेला माल नंतर परत आला तर? क्रेडिट नोट कुठल्या दराने? तारीख हाही नमुन्याचा भाग असतो, हे घरगुती सॉफ्टवेअर बनवताना हमखास राहून जातं.

म्हणून माझा सल्ला: हिशेब, कर, पगार, स्टॉक हे जगभर सारखं असणारं काम तयार प्रकल्पावर सोपवा. भाच्याला द्या ते काम, जे फक्त तुमच्याकडेच आहे. तुमच्या मसाल्याचं कोणत्या हंगामात किती मिश्रण, कोणत्या गिऱ्हाइकाला कमी तिखट, सुट्या ऑर्डरचं वजन कसं जुळवायचं. ते त्याने एलिक्सरमध्ये लिहो की पायथॉनमध्ये, तुम्ही फक्त विचारा, "केस सुटली तर तुझा प्रोग्राम काय करतो? थांबतो, सांगतो, की गप्प बसतो?" या प्रश्नाचं उत्तर नीट देणारा प्रोग्रामर सोडू नका.

आता प्रत्यक्ष करायचं कसं?

पाच पायऱ्या सांगतो.

पहिली पायरी. गेल्या तीन महिन्यांची बिलं, परतावे, भांडणं सगळं समोर घ्या. प्रत्येक वेगळ्या प्रकारासाठी एक ओळ लिहा. तीस-चाळीस ओळी सहज होतील. विचित्र केसेस मुद्दाम शोधा. नेहमीच्या केसेस सगळीच सॉफ्टवेअर करतात.

दुसरी पायरी. प्रत्येक ओळीपुढे 'महिन्यात किती वेळा' आणि 'चुकलं तर किती नुकसान' लिहा. वर्षातून एकदा येणारी पण हजारोंचा फटका देणारी केस वर न्या.

तिसरी पायरी. दोन्ही सॉफ्टवेअरचा डेमो स्वतःच्या बिलांवर घ्या, विक्रेत्याच्या नमुना माहितीवर नाही. प्रत्येक ओळीपुढे चारपैकी एक खूण करा: 'तयार आहे', 'सेटिंगने होतं', 'कोड बदलावा लागेल', 'होत नाही'. तिसऱ्या खुणेची मोजणी सगळ्यांत महत्त्वाची, कारण कोड बदलला की प्रत्येक नव्या आवृत्तीला तो बदल पुन्हा तपासावा लागतो. तो खर्च कोटेशनमध्ये दिसत नाही.

चौथी पायरी. खर्च पूर्ण मांडा. सॉफ्टवेअर फुकट असलं तरी सर्व्हर, बॅकअप, बसवण्याचं काम, जुनी माहिती भरणं, माणसांना शिकवणं आणि दरवर्षीचं अपग्रेड यांना पैसे लागतात. तीन वर्षांचा आकडा काढा आणि मग टॅली किंवा दुसऱ्या पैशाच्या सॉफ्टवेअरशी तुलना करा. कधी कधी पैशाचं सॉफ्टवेअरच स्वस्त पडतं. तसं निघालं तर तेच घ्या, त्यात कमीपणा नाही.

पाचवी पायरी. बाहेर पडायची वाट आधी बघा. माझी सगळी माहिती एका दिवसात काढून दुसरीकडे नेता येईल का? डेमोतच करून दाखवायला सांगा. आणि तुमची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर आणखी एक प्रश्न: १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणी, कधी, काय बदललं याची नोंद राहावी लागते आणि ती बंद करता येऊ नये. ती सोय चालू आहे का, हे सीएसमोर बसून तपासा.

जाता जाता

धंदा बंद पडतो तो नेहमीच्या दिवसामुळे नाही. 'असं कधी होईल असं वाटलं नव्हतं' या दिवसामुळे. मोठा पार्टनर पैसे अडवतो, पूर्ण लॉट परत येतो, नियम बदलतो. पॅटर्न मॅचिंग शिकवतं ते एवढंच: असं होईल का, हे आधी कागदावर विचारा. सॉफ्टवेअर त्यानंतर निवडा.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या धंद्यातल्या पैसे येण्याच्या केसेस लिहून काढा. किमान पंधरा. पाच-सहा लिहून अडकलात, तर दुकानात किंवा पॅकिंगला बसणाऱ्या माणसाला विचारा. उरलेल्या दहा त्याला पाठ असतात, कारण त्या रोज तोच निस्तरत असतो.

पुढच्या व्हिडिओत याच यादीवरून बसवून देणाऱ्याशी करारात काय काय लिहून घ्यायचं ते बघू. तोपर्यंत वही उघडा आणि पहिली ओळ लिहा. कामाला लागा!